न लढता जिंकलेला माणूस

चिकलठाण्याहून सुटणाऱ्या सिटी बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. एका कारखान्यात तो शिफ्टचा साहेब होता. मांडीवर जुन्या चिनी युद्धनीतीचं पुस्तक असायचं. कंपनीनं सगळ्या साहेबांना वाटलेलं. वाचताना तो प्रत्येक ओळीवर अंगठा दाबून धरायचा.

एकदा मी विचारलं, "काय शिकवतंय हे?"

"न लढता जिंकायचं," तो म्हणाला. "साठ माणसं कमी करायची होती. सगळ्यांना एकदम सांगितलं असतं तर संप झाला असता. मग एकेकाला केबिनमधी बोलवलं, चहा पाजला, राजीनाम्यावर सही घेतली. ज्याला त्याला वाटलं, आपण एकटेच चाललो. महिन्याभरात साठही जण गेले."

खिडकीबाहेर पाहत तो म्हणाला, "एकानं तरी शिवी द्यायची होती हो. लई वर्षं माझ्या हाताखाली राबलेली माणसं. जाताना पाया पडून गेली."

पुढच्या आठवड्यात बस खचाखच भरली होती. आम्ही दोघंही उभे होतो. वॉचमनचा ढगळ गणवेश घातलेला एक उतारवयाचा माणूस त्याला पाहून लगबगीनं उठला.

"साहेब, तुम्ही बसा इथं. कारखाना सुटल्यापासून मला उभं राहायची सवय झाली आता."

तो बसला नाही. घर लांब असूनही तो पुढच्याच थांब्यावर उतरला.

वॉचमन कावराबावरा होऊन मला विचारू लागला, "साहेबांना राग आला का हो? माझं काय चुकलं?"