मोटारीच्या बाजूने बोलणारे काका

गाडी बघायला गेलं की काका आधी मागच्या सीटवर जाऊन बसायचे. बॉनेट नाही, टायर नाही, किती किलोमीटर झाली तेही नाही. मागचं दार उघडायचं, आत बसून ते ओढून घ्यायचं आणि डोळे मिटून पाच मिनिटं गप्प. विकणारा बाहेर चुळबुळत उभा. "अंकलजी, इंजन तो देखिए!" काका आतूनच हात वर करायचे, थांब म्हणून. मग सावकाश उतरून मला म्हणायचे, "सूनबाई, विकणारे लोक पुढची सीट पुसतात. मागची कोण पुसतो?"

आणि खरंच, मागं बसून त्यांना सगळं कळायचं. गाडीत पाणी शिरलं होतं का, दार पुन्हा बसवलंय का, घरची गाडी आहे की भाड्यानं फिरवलेली. विमा कंपनीसाठी आपटलेल्या गाड्या तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. स्वतःची गाडी मात्र त्यांनी जन्मात घेतली नाही. एक स्कूटर होती. ती डावीकडे कलती केल्याशिवाय सुरू होत नसे, आणि कलती करताना काका तिला हळू आवाजात समजावत असत.

सीपरी बाजारात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायचो. मी सांगलीची. नवऱ्याची नोकरी इथल्या सरकारी कारखान्यात, म्हणून झाशीला आले. काका मूळचे इथल्याच खंडेराव गेटचे. त्यांचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. महाराष्ट्राला ते 'दक्षिण' म्हणत आणि गाडीला 'मोटार'. "तुम्ही दक्षिणेतली माणसं घाई फार करता," हे मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावं लागे. मला राग यायचा, कारण मी घाई करतेच.

ओळखीपाळखीत कुणालाही जुनी गाडी घ्यायची असली की काकांना न्यायचं, हे ठरलेलं. फी काही नाही. चहा आणि समोसा, तोही विकणाऱ्याच्या खर्चानं. रोखीनं घेणाऱ्यांवर त्यांचा विशेष जीव. त्यांना ते आधी घरी बोलावून शिकवणी घ्यायचे. "पैसा दाखवायचा नाही हो. त्याचा नुसता वास येऊ द्यायचा."

वास कसा यायचा, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बोलता बोलता काका सहज म्हणत, "भैया, हमारे यहाँ किस्त-विस्त का चक्कर नहीं है. आज का काम आज." बस, एवढंच. मग इकडचं तिकडचं बोलून आकडा सांगत, आणि आकडा सांगितला रे सांगितला की सुपारी तोंडात टाकत. म्हणजे पुढं बोलायची सोयच नाही. समोरचा बिचारा एकटाच बोलत राहायचा आणि बोलता बोलता आपणच खाली उतरायचा.

माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले एक साहेब ही शिकवणी विसरले. गाडी आवडली म्हणून त्यांनी पाकीटच काढून बॉनेटवर ठेवलं. विकणाऱ्याला लगेच आठवलं की सीटकव्हर नवीन आहेत आणि त्यांचे वेगळे पैसे. काकांनी ते पाकीट उचललं, आपल्या पिशवीत टाकलं आणि म्हणाले, "ये तो इनकी माताजी की दवाई के हैं, भैया." आणि चालू लागले. साहेब मागून धावताहेत, विकणारा त्यांच्याही मागून. सीटकव्हर शेवटी फुकट मिळाले.

पण काकांचं खरं हत्यार वेगळंच होतं. झाशीत मराठी कुणाला कळते? विकणाऱ्याच्या तोंडावर ते हिंदीत गाडीचं कौतुक करायचे, "बढ़िया रखी है भैया, एकदम बढ़िया," आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून मराठीत मला म्हणायचे, "क्लच संपलाय. बारा हजार कमी." मी मान डोलवायची, जणू गाडीची स्तुतीच ऐकतेय. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. इथं भाजीवाल्याशी हिंदी, शेजारणीशी हिंदी, स्वतःची मुलगीही हिंदीत भांडायची. मराठीचा काही उपयोग होताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मग माझ्यावरच वेळ आली. मऊरानीपुरच्या एका शाळेत मला गणित शिकवायची नोकरी लागली. सहा वर्षं घरात बसून काढली होती मी, त्यामुळे ती नोकरी मला हट्टानं हवी होती. पण बसनं जायचं आणि बसनं यायचं, म्हणजे चार वर्षांच्या मुलीला बालवाडीतून आणायला मी वेळेवर पोचणार कशी? पहिल्याच आठवड्यात दोनदा ती फाटकाशी रडताना सापडली. दुसऱ्या वेळी तिच्या बाईंनी मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. एक तर गाडी घ्यायची, नाहीतर नोकरी सोडायची. मी बांगड्या मोडल्या. दीड लाख आले. त्याच्यावर एक रुपया नव्हता.

काकांनी गाडी शोधली. एका नव्या कॉलनीतली, पांढरी, छोटी. विकणारी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. आडनाव अस्सल इकडचं, बोलणंही. वडील थंडीत गेले होते, गाडी तेव्हापासून झाकून ठेवलेली. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची मुदत जवळ आली होती. हे सगळं तिनं न विचारता सांगितलं. एक लाख पंच्याऐंशी म्हणाली.

काका मागच्या सीटवर बसून आले. "बहुत बढ़िया रखी है बेटा," ते तिला म्हणाले आणि हसत हसतच माझ्याकडे वळले. "मोटार उत्तम आहे. पण पोरीला घाई आहे, घरात बाप नाही. सव्वावर आणतो. तुम्ही फक्त गप्प बसा."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "आणाच काका. तिला आता दुसरं गिऱ्हाईक कोण मिळतंय?"

हे मी बोलले. माझ्याच तोंडानं.

काकांनी हिंदीत सव्वा लाख सांगितले आणि सुपारी तोंडात टाकली. मुलगी आत गेली, चहा घेऊन आली, आमच्या हातात कप दिले. मग उभ्याउभ्याच, एकेक शब्द शोधत म्हणाली, "काका, मला मराठी समजते. बोलायला नाही येत बरोबर. आई बोलते ना घरी."

काकांच्या तोंडात सुपारी, ती चावताही येईना आणि थुंकताही येईना.

ती रडली असती किंवा आम्हाला हाकललं असतं तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "मी एक पंच्याऐंशी जास्त सांगितले. मला माहीत नाही, खरे किती असतात. पप्पा असते तर त्यांना माहीत होतं. तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सांगा. मराठीतच सांगा."

काका उठले. अंगणाच्या कडेला जाऊन सुपारी थुंकले. गाडीभोवती पुन्हा एक फेरी मारली, या वेळी प्रत्येक टायरपाशी वाकून, बॉनेट उघडून, खाली डोकावून. मी मनात म्हणत होते, काका, दीड म्हणा. दीड म्हणालात तरी खोटं होणार नाही फारसं. माझ्याकडे दीडच आहेत, तुम्हाला ठाऊक आहे ते.

"एक लाख पासष्ट," काका म्हणाले. "त्याच्या खाली कुणाला देऊ नकोस."

मुलीनं मान हलवली. "मग पासष्ट," ती म्हणाली. झालं. आम्ही रिक्षात बसलो. जिन्याशी आल्यावर मात्र मला राहवलं नाही. "काका, मी तुम्हाला माझ्यासाठी नेलं होतं! तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं होतात?"

काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. "मोटारीच्या," ते म्हणाले. "सूनबाई, जन्मभर मी हेच काम केलं. मोटारीचं जे नुकसान असेल तेवढंच लिहिलं, कमी नाही, जास्त नाही. मालक रडायचे, कंपनी ओरडायची. आणि म्हातारपणी हा छंद लागला. त्या पोरीनं विचारलं तेव्हा लाज वाटली हो. फार लाज वाटली."

मला त्यांची दया आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदमच होतं. वर जाऊन मी नवऱ्यासमोर रडले. नवरा ऐकून घेऊन म्हणाला, "माझी मोटारसायकल विकू. मी कारखान्याच्या बसनं जातो." मी म्हटलं, तिचे पंधरा तरी येतील का? शंका होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका वर आले. मोटारसायकलचं नवऱ्यानं त्यांना रात्रीच सांगितलं होतं. उंबऱ्यातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. "त्या पोरीकडे जाऊन आलो. रविवारपर्यंत मोटार ठेवते म्हणाली. मोटारसायकलचं माझ्यावर सोडा." आणि त्यांनी ती अठरा हजारांना विकून दिली. मी शेजारी उभी होते. घेणाऱ्याला त्यांनी आपणहून सांगितलं की चेन बदलावी लागेल. पूर्ण वेळ ते हिंदीत बोलले. मी मराठीत काही विचारलं तरी उत्तर हिंदीत.

रविवारी गाडी घेतली. काकांनी मला रोख रकमेची पावती लिहून घ्यायला लावली आणि मुलीला माझ्याकडून कागद लिहून घ्यायला लावला, की या घटकेपासून गाडीचा दंड, अपघात, सगळं माझ्या माथी. आमच्या दोघींच्याही सह्या त्यांनी चष्मा वर करून तपासल्या. तेवढ्यात मुलीची आई बाहेर आली. काकांनी विचारलं, "तुम्ही माहेरच्या कुणाच्या?" तिनं नाव सांगितलं. खंडेराव गेटला काकांच्या मागच्याच गल्लीतलं घर! तिच्या वडिलांनी लहानपणी काकांना पोहायला शिकवलं होतं. काका कपाळावर हात मारून म्हणाले, "झाशीत आपली घरं ती किती? आणि मी म्हातारा धरून चाललो की समोर कुणाला कळत नाही!" ती बाई हसली. मुलगीही हसली. मी मात्र तिच्याकडे बघू शकले नाही, आणि माफीही मागितली नाही. ती मागायला हवी होती. अजून वाटतं.

त्यानंतरही लोक काकांना न्यायला येत. ते जात. पण तो मराठीचा खेळ त्यांनी सोडून दिला. आल्या आल्या विकणाऱ्याला विचारत, "बेटा, घर में कोई मराठी समझता है?" लोकांना वाटे, म्हातारा भाबडा झाला. सौदे पूर्वीसारखे पडायचे नाहीत, म्हणून हळूहळू बोलावणीही कमी झाली. काकांनी कधी तक्रार केली नाही. मी मात्र करायचे, त्यांच्या वतीनं.

मी मऊरानीपुरला त्या गाडीनं सात वर्षं गेले. मुलगी मोठी झाली, पुन्हा फाटकाशी रडली नाही. काका गेले त्याला दोन वर्षं झाली.

यंदा गाडी विकायला काढली. एक तरुण जोडपं आलं. गाडीचे किती घेणार म्हणून त्यांनी विचारलं, तर मी एका दमात सगळं सांगितलं. सस्पेन्शन आवाज करतं, बॅटरी नवी आहे, उजवं मागचं दार एकदा रंगवलंय, आणि किंमत साठ हजार, कमी नाही आणि जास्तही नको. माझ्या हिशेबानं ती अगदी खरी किंमत होती. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. नवऱ्यानं खाली वाकून पाहिलं, बायकोनं कागद पुन्हा चाळले. त्यांना माझा संशय येऊ लागला होता, हे मला दिसत होतं.

"मैडम," तो शेवटी म्हणाला, "ऐसे सीधे-सीधे कोई बोलता नहीं है. बुरा मत मानिए. आपकी तरफ़ से बात करने वाले कोई बड़े नहीं हैं घर में?"

"थे," मी म्हणाले.