जबाबदार व्यक्ती: तुकिमिन

जावा बेटावरच्या वोनोलेगीच्या गावकचेरीत एकतीस वर्षांत जेवढ्या समित्या झाल्या, त्या सगळ्यांच्या कागदांवर ‘जबाबदार व्यक्ती’ या शब्दांपुढे एकच नाव सापडतं. स्वातंत्र्यदिनाची समिती, डासनिर्मूलनाची समिती, बॅडमिंटनच्या जाळ्याची समिती, सगळीकडे तुकिमिन. माणूस फार कर्तबगार आहे म्हणून नव्हे. बैठकीत नाव सुचवायची वेळ आली की सगळे आपापल्या चहाच्या पेल्यात डोकावू लागतात, आणि तुकिमिन चहा घेत नाही. त्याला पित्ताचा त्रास आहे.

मग सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर, आणि तो मान खाली घालून म्हणतो, “हो जी.” नाही म्हणणं त्याच्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही.

त्याचं मूळ काम किल्ल्या, कोठार आणि माइक सांभाळण्याचं. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातून संगणकाच्या सुरक्षेचा फॉर्म आला, तेव्हा त्यावरही त्याचंच नाव गेलं. संगणकातलं त्याला इतकंच येत होतं की सकाळी बटण दाबायचं आणि पाक लुराह अधूनमधून बदलून देत तो पासवर्ड एका बोटाने टाकायचा. पाक लुराह हार्योनो म्हणजे गावचे मुखिया; तिथे पुरुषाला आदराने पाक म्हणतात आणि बाईला बू. त्यांना बारीक अक्षर दिसत नसे आणि चष्मा लावायला ते तयार नसत. तरी नाव दिलं म्हटल्यावर तुकिमिनने काम मनावर घेतलं. बायकोकडून संगणकाला झालरीचं आच्छादन शिवून घेतलं आणि खोलीला दुसरं कुलूप लावलं. याहून जास्त काही कुणी त्याला शिकवलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

मार्चमध्ये पाक लुराहांच्या घरी अकीका झाला, म्हणजे मुसलमानी रीतीचं बारसं. पहिलाच नातू. नाव ठेवलं अर्शाका केन्झी राफिस्की अल्फाराबी. आजकाल जावात मुलांना अशीच नावं ठेवतात. आजीला ती पाठ होत नाहीत आणि आजोबांची जीभ अडखळते. दोन बकरे कापले, तीनशे ऐंशी डबे भरले, भात, रस्सा, खेकड्याच्या आकाराचा एक पापड, आणि प्रत्येक झाकणावर बाळाच्या फोटोचं कार्ड चिकटवलं: पूर्ण नाव, जन्मतारीख, वजन. वाटपाची जबाबदार व्यक्ती कोण, हे सांगायला नको. तुकिमिनने दोन दिवस मोटारसायकलवरून डबे पोचवले, अकरा वस्त्यांत आणि थेट जिल्हा कचेरीतसुद्धा.

त्यानंतर तीन महिन्यांनी गावच्या वेबसाइटवर वाघ नाचू लागला.

एरवी तिथे उत्कृष्ट कंपोस्ट खड्ड्याचा फोटो असायचा. आता सोन्याच्या नाण्यांवर एक वाघ कंबर हलवत होता, आणि खाली ऑनलाइन जुगार खेळण्याचं आमंत्रण होतं. तरी चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आपल्या गावची वेबसाइट गावात कोण बघतो? पाक लुराहांनी फक्त आकडा बघितला. रोज अकरा माणसं यायची, ती एकदम चाळीस हजार. त्यांनी तालुक्याच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, “कंपोस्टमध्ये लोकांना रस आहे. फक्त नीट मांडायला हवं.” शेजारच्या गावच्या मुखियाने तिथल्या तिथे मोबाइल काढून वाघ दाखवला.

जिल्ह्यातून पत्र आलं: चौकशीला अधिकारी बाई येतील, जबाबदार कोण ते कळवा.

बैठक बसली. चहा आला. कचेरीच्या सचिव बू वेनिंग कागद सरकवत म्हणाल्या, “कुणाला दोष द्यायचा नाहीये हं, पाक तुकिमिन. नुसती सही हवी. नाव तर आधीपासून आहेच.”

कागदावर लिहिलं होतं की प्रकार केवळ जबाबदार व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे घडला. पाक लुराह खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आपण सगळे एका कुटुंबातले.”

कुटुंबातल्या कुणीही सांगितलं नाही, पण तुकिमिनला नियम ठाऊक होता. वोनोलेगीत कचेरीच्या माणसाला पगाराच्या जोडीला गावच्या मालकीची भातखाचरं कसायला मिळतात. निष्काळजीपणा सिद्ध झाला की ती काढून घेतात. निवृत्तीला तीन वर्षं होती, आणि घर त्या भातावर चालत होतं. सही उद्या चौकशीच्या बाईंसमोर करतो, एवढंच बोलून तो कागद घेऊन घरी आला.

बायकोने, सारियेमने, कागद दोनदा वाचला. “एकतीस वर्षं नाव देत आलात. आता भात पण देणार?”

“काय करू मग? पाक लुराहांकडे बोट दाखवू?”

“बोट कशाला दाखवता? त्या बाई जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्या. तेवढंच. जास्तीचं बोलायला जाऊ नका, तुम्हाला ते जमायचं नाही.”

तुकिमिन खरोखर घाबरला होता. नोकरीची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती खरं बोलण्याची होती.

दुसऱ्या दिवशी जिल्हा कचेरीतून बू प्रतिवी आल्या. तरुण बाई, पायात बूट, हातात वही. त्यांनी टेम्पेची, आंबवलेल्या सोयाबीनची, तळलेली वडी तोंडात टाकली आणि विचारलं, “जबाबदार व्यक्ती तुम्हीच?”

“हो जी.”

“पासवर्ड किती जणांना माहीत होता?”

तुकिमिनने मनातल्या मनात हिशेब केला. “तीनशे ब्याऐंशी.”

बू प्रतिवींचं चावणं थांबलं. “किती?”

“पाक लुराह, मी, आणि बाकीचे तीनशे ऐंशी. त्यात तुम्ही पण आलात, बू.”

“मला कुणी सांगितला?”

“बकऱ्याच्या रश्श्याबरोबर आला होता. मार्चमध्ये. मीच आणून दिला.”

खोलीत सगळे पेले एकदम वर गेले. बू प्रतिवींनी मोबाइल उघडला. एवढं लांब नाव म्हणून त्यांनी तेव्हा बहिणीला दाखवायला कार्डाचा फोटो काढून ठेवला होता. त्यांनी संगणकासमोर बसून नातवाचं नाव आणि जन्मतारीख टाकली. गावची वेबसाइट आतून उघडली.

“वजन नाही लागलं,” त्या म्हणाल्या.

“वजन पाक लुराहांच्या मोबाइलला आहे,” तुकिमिनने सांगितलं. विचारलं नव्हतं, पण निघून गेलं.

पाक लुराहांचे कान लाल झाले. बू प्रतिवींनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वर बघितलं. “तुमच्या लक्षात कधी आलं, पाक तुकिमिन? वाघ आल्यावर?”

“नाही. डबे वाटताना. तिसऱ्या घरी झाकण हातात होतं, तेव्हा.”

“आणि पुढचे तीनशे सत्याहत्तर डबे?”

“रस्सा निवत होता.”

बू प्रतिवींनी बू वेनिंगचा कागद उलटा घातला आणि कोरा पुढे ठेवला. “ज्याने जे केलं ते त्याने लिहायचं. एकट्याची सही आली, तर खाचरं जातील. वरिष्ठांनी आपला वाटा मान्य केला, तर दोघांना ताकीद मिळून प्रकरण संपेल. पण ताकीद असलेल्या गावाला यंदा आदर्श गावाची ढाल मिळणार नाही. मी कुणावर जबरदस्ती करू शकत नाही.”

त्या ढालीसाठी पाक लुराहांनी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

तुकिमिनने पेन घेतलं. ‘मला माहीत होतं. मी बोललो नाही. तुकिमिन.’ त्याने सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने स्वतः केलेल्या गोष्टीची जबाबदारी घेतली होती, आणि आश्चर्य म्हणजे त्याला हलकं वाटलं. त्याने कागद पाक लुराहांपुढे दोन्ही हातांनी ठेवला आणि तसाच उभा राहिला.

पाक लुराहांनी चहा घेतला. पेला रिकामा झाला, तरी ते त्यात बघत होते. अखेर त्यांनी हळू आवाजात विचारलं, “तिसऱ्याच घरी कळलं होतं, तर येऊन सांगितलं का नाही मला?”

“सांगितलं असतं,” तुकिमिन म्हणाला, “तर तुम्ही पासवर्डमधून नातवाचं नाव काढलं असतंत का, पाक?”

बू वेनिंगनी किटली पुढे केली, ती पाक लुराहांनी हाताने बाजूला सारली.

“नाही,” ते म्हणाले. “तुम्हालाच बोललो असतो.”

आणि खिशातून चष्मा काढून त्यांनी सगळ्यांदेखत तो डोळ्यांवर चढवला, कागदावर जागा शोधली आणि सही केली.