माझे साडू आणि अमेरिकेची स्कॉलरशिप

माझ्या साडूंना फसवू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचाय, आणि आलाच तर साडू त्याच्याकडे आधी जन्माचा दाखला मागतील. इथे आखातात गॅस प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये हयात गेल्यामुळे संशय हा त्यांच्या नोकरीचा भाग होता, पुढे तो स्वभाव झाला. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आले की लिफ्टच्या तपासणीची तारीख वाचल्याशिवाय ते बटण दाबत नाहीत. फळवाल्याने कलिंगड 'एकदम मीठा' म्हटलं की विचारतात, "तू अंदर जाके देखा क्या?" ड्रायव्हर "पाच मिनट, इन्शाल्ला" म्हणाला की शांतपणे बसायला खुर्ची शोधतात.

अशा माणसाला आमच्या ईशाच्या स्कॉलरशिपबद्दल कळू द्यायचं नाही, असं मी बायकोला बजावलं होतं. पण तिने ते सख्ख्या बहिणीला सांगितलं, म्हणजे साडूंना सांगितलंच. ईशा, आमची लेक, शाळेच्या संघातून पोहते. एका स्पोर्ट्स कन्सल्टंट कंपनीने तिला मेल पाठवली होती: अमेरिकन कॉलेजांना हवी असते अगदी तशीच तू आहेस, तीन कोचनी तुझ्यात रस दाखवलाय, स्कॉलरशिपची गॅरंटी, फक्त फी भर. आम्ही हवेत होतो. मी तर ऑफिसात 'मुलगी अमेरिकेला चालली' असं जाहीरही करून टाकलं होतं.

"कोचची नावं काय?" साडूंनी विचारलं.

"ती फी भरल्यावर सांगतात."

"असं," ते म्हणाले. आणि कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता लिहून घेतला.

पुढच्या आठवड्यात त्या कंपनीने एका हॉटेलात खास मराठी पालकांसाठी सेमिनार ठेवला. सुटातले एक गृहस्थ स्वप्नांवर बोलत असताना साडू उठले. "साहेब, माझंही सिलेक्शन झालंय." पठ्ठ्याने कंपनीच्या वेबसाइटवर स्वतःचं नाव नोंदवलं होतं. वय खरं, म्हणजे अठ्ठावन्न. सोबत समैस्माच्या किनाऱ्यावरचा फोटो: गुडघाभर पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, चेहऱ्यावर बुडायची पूर्ण तयारी. त्यांना आलेली मेल त्यांनी मोठ्याने वाचली. तेच तीन कोच, तोच रस, शब्दही तेच.

"प्रत्येकात पोटेन्शियल असतं, सर," गृहस्थ घाम पुसत म्हणाले.

"पोटेन्शियल आहे की नुसतं पोट, एवढं तरी बघायचं!"

हॉल हसला. ईशा तेवढी हसली नाही. परतताना गाडीत ती म्हणाली, "काका, तुम्हाला पण सेम मेल? सो आय ॲम नॉट स्पेशल?" सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजू लागले, तरी अख्ख्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या साडूंची गाडी हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या आधी पूलवर हजर. "यल्ला, चल, पोह. मी व्हिडिओ काढतो." कोचना मुलं स्वतःच लिहू शकतात, त्यांचे पत्ते कॉलेजच्या साइटवर उघड असतात, मधे दलाल लागत नाही, एवढं त्यांनी शोधून ठेवलं होतं. ईशाने स्वतः मेल लिहिल्या, टायमिंग जसं आहे तसं टाकलं. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एका कोचने दिलं: टायमिंग कमी पडतंय, पण भिंतीपाशी वळतानाचा तुझा टर्न चांगला आहे, वर्षभराने पुन्हा लिही.

ईशा उड्या मारत आली. "काका, ही सॉ इट! त्याने खरंच व्हिडिओ पाहिला!" नकार मिळून इतकी खूश झालेली मुलगी मी दुसरी पाहिली नाही.

वर्षभर ती पोहत राहिली आणि शेवटी एका लहानशा कॉलेजने तिला घेतलं. एअरपोर्टवर साडू तिला सूचना देत होते: कुणाचं सामान धरू नकोस, सही करण्याआधी वाच. ती आत गेली तशा सूचना संपल्या. मी निघूया म्हटलं, तर म्हणाले, "विमान सुटू दे." बऱ्याच वेळाने बोर्डवर फ्लाइट सुटल्याचं झळकलं.

"गेली," मी म्हणालो.

"बोर्डावर काय, काहीही लिहितात," साडू म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.