झोपेत वर जाणारा हात

अल्ताफ शेखचा उजवा हात झोपेत वर जायचा. त्याच्या बायकोला, मेहनाजला, हे लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं. माणूस गाढ झोपलेला, पाय चादरीखाली हळूहळू हलतायत, आणि एकाएकी हात थेट छताकडे. तसाच राहायचा. मेहनाज तो धरून खाली ठेवायची आणि कूस बदलून झोपायची. आधी ती घाबरली, मग वैतागली, मग सवय झाली. संसारात तरी याहून वेगळं काय होतं हो?

सकाळी विचारलं की अल्ताफ खुशीत यायचा. स्वप्नात घाट चढत होतो म्हणायचा, धुकं होतं, वर पोचलो, शर्यत मारली, म्हणून हात वर. हे सांगताना त्याच्या तोंडावर असं काही हसू असायचं की मेहनाजला पुढे बोलवत नसे. कारण जागेपणी ती शर्यत त्याने मारली नव्हती, हे तिला पाठ होतं.

त्याचं असं झालं. अल्ताफचे वडील, करीमभाई, कॅम्पातल्या एका बेकरीत भट्टीवर होते. पुणं तेव्हा सायकलींचं गाव होतं. पोरगा मिसरूड फुटायच्या आधीपासून कॅरियरला पत्र्याचा डबा बांधून खारी-बटर पोचवायचा, पार खडकवासल्यापर्यंत. त्या डब्याने त्याचे पाय घडवले. विशी ओलांडल्यावर कुणीतरी त्याला शर्यतीत ढकललं. बोरघाट चढून पुण्याला यायचं, अशी शर्यत. घाटात शिंग्रोबाच्या देवळाच्या पुढे पंचांची जीप त्याच्याजवळ आली, त्याच्या पाठीवरच्या नंबराच्या पिना कुणीतरी काढल्या, आणि त्याला सायकलसकट मागच्या ट्रकमध्ये बसवलं. एवढीच हकीकत. पण अल्ताफने ती जन्मभर पुरवली. पाय शाबूत होते माझे, तो सांगायचा, वळणं राहिली होती फक्त दोन, मी पोचलोच असतो, पण मेल्यांनी नंबर काढून घेतला. ही गोष्ट त्याने सासऱ्यांना सांगितली, कारखान्याच्या कँटीनमध्ये सांगितली, न्हाव्याला तर दर महिन्याला सांगितली. मेहनाज मेथी निवडता निवडता त्याच्या आधीच पुढचं वाक्य म्हणायची. तरी तो थांबायचा नाही.

मग जग बदललं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. रस्त्यावरून सायकली गेल्या, स्कुटरी आल्या, मोटारी आल्या. पिंपरीतल्या ज्या कारखान्यात अल्ताफ होता तिथे नवी मशिनं आली आणि जुनी माणसं स्वेच्छेने निवृत्त झाली. स्वेच्छा कुणाची ते विचारू नका. आलेल्या पैशात त्याने छोटा टेम्पो घेतला आणि येरवड्याहून हिंजवडीला खुर्च्या, टेबलं, काचेचे दरवाजे वाहू लागला. शेतातून इमारती उगवत होत्या, आणि त्या इमारतींत बसायला माणसं लागत होती, आणि माणसांना खुर्च्या लागत होत्या. टेम्पो कधी रिकामा उभा राहिला नाही. घरात केबल आली. जुलै महिन्यात परदेशातल्या सायकलींची शर्यत दाखवायचे, त्यातला डोंगराचा दिवस अल्ताफ चुकवायचा नाही. चहा निवून जायचा. हिरवे उतार, ढगात शिरणारा रस्ता, आणि त्यावर मुंग्यांसारखी चढणारी रंगीत माणसं. तो बघत बसायचा आणि पलंगाच्या कडेला त्याचे पाय आपोआप फिरायचे.

अशात एका वर्षी तसलीच शर्यत पुण्यात आली. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने पैसा ओतला, परदेशातून पगारी सायकलवाले आले, आणि सगळ्यात अवघड दिवस ठरला सिंहगडाचा. दिवे घाट चढायचा, बोपदेव उतरायचा, खडकवासल्याच्या पाण्याच्या कडेने जायचं आणि शेवटी गड. त्या कंपनीच्या खुर्च्या अल्ताफनेच वाहिल्या होत्या, म्हणून टेम्पोसाठी त्याला बोलावणं आलं. शर्यतीच्या मागे राहायचं, जे थकतील त्यांना गाडीत घ्यायचं. अल्ताफ दोन दिवस जमिनीवर नव्हता. टेम्पो धुतला, मागे गाद्या घातल्या, नवा शर्ट शिवला.

त्या सकाळी कंपनीतली नम्रता आली. चुणचुणीत मुलगी, शर्यतीच्या कामाला हौसेने नाव दिलेलं, गळ्यात घड्याळ, हातात वॉकीटॉकी. तिने आधी टेम्पोच्या टपावर एक खराटा उभा बांधायला लावला. काका, ही जगभरची रीत आहे, ती म्हणाली, शेवटच्या गाडीला झाडू, मागे उरलेले गोळा करत येते म्हणून. अल्ताफला ते लागलं, तरी त्याने गाठ मारली. मग तिने काम समजावलं. ठरलेल्या वेळेच्या आत वर पोचला तर माणूस उद्याच्या शर्यतीत राहतो. वेळ टळली, किंवा जो आपल्या गाडीत चढला, तो बाद. माझे दोन्ही हात अडकलेले असतात, तेव्हा गाडीत येणाऱ्याच्या पाठीवरचा नंबर तुम्ही काढायचा. चार पिना असतात, बस.

 इतकी वर्षं ज्या हातांना शिव्या घातल्या ते हात आज आपलेच? अल्ताफला टेम्पो तिथेच सोडून घरी जावंसं वाटलं. पण शब्द दिला होता, आणि मेहनाजने डब्यात खिमा-पाव दिला होता, तो घेऊन परत काय तोंडाने जायचं? त्याने मनाशी एवढंच ठरवलं की जो पाय मारतोय त्याचा नंबर आपण काढायचा नाही. मग काय व्हायचं ते होवो.

खराटा मिरवत टेम्पो शहरातून निघाला. दांडेकर पुलापाशी एका आजोबांनी हात दाखवून थांबवलं आणि आमच्या सोसायटीचा कचरा दोन दिवस राहिलाय म्हणून अदबीने तक्रार केली. नम्रता हसली. अल्ताफला हसू आलं नाही.

दिवे घाटात तिघे गाडीत आले. एक पडला होता, दोघांच्या पोटात कळ. ते स्वतःच येऊन पाठ करून उभे राहिले. अल्ताफ स्टिअरिंग सोडेना, शेवटी नम्रतानेच दातात पेन धरून पिना काढल्या.  खडकवासल्याच्या पुढे शर्यत लांबत गेली, आणि गडाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत टेम्पोच्या पुढे एकच माणूस उरला.

त्याचं नाव यान. समुद्राकाठच्या कुठल्याशा सपाट देशातला, ताडमाड, रुंद पाठीचा. नम्रताने सांगितलं की सकाळपासून हा आपल्या कप्तानाच्या पुढे राहून वारा अंगावर घेत होता. हे त्याचं कामच. काम संपलं, कप्तान पुढे गेला, आणि सपाटीवरचा हा गडी आता डोंगरात एकटा पडला.

सप्टेंबर सरत आला होता. घाटाच्या दोन्ही कडांना सोनकी फुलली होती आणि वरून ढग खाली येत होता. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि ढगाने रस्ता, टेम्पो, माणूस, सगळं आत घेतलं. आवाज मऊ झाले. मागचे तिघे झोपले. पहिल्या गिअरमध्ये टेम्पो माणसाच्या चालीने चालला होता, आणि अल्ताफला आपण चालवतोय की चढतोय ते कळेना. क्लचवरचा पाय दाबला जायचा, सुटायचा. समोरची पाठ डावीकडे झुकायची, उजवीकडे झुकायची, आणि अल्ताफही तिच्याबरोबर झुकायचा. कुठूनतरी भट्टीचा, भाजलेल्या खारीचा वास आला. ढगात खारीचा वास कुठून येणार? पण आला. कॅरियरवरचा पत्र्याचा डबा खडखडला. त्याला वाटलं, आपण अजून बोरघाटातच आहोत, मधली सगळी वर्षं, कारखाना, खुर्च्या, काचेच्या इमारती, हे कुणीतरी सांगितलेलं आहे, खरी ही वाट आणि ही पाठ. इतकं सुख त्याला क्वचितच झालं असेल.

यानने मागे वळून पाहिलं. तोंड पांढरंफटक. अल्ताफने खिडकीतून हात काढून पुढे जा, पुढे जा अशी खूण केली. चल, चल, तो पुटपुटला. थोड्या वेळाने यानने पुन्हा मागे पाहिलं, आणि या खेपेला उजवा हात वर केला. सरळ, उंच. अल्ताफचं काळीज भरून आलं. काय हिंमत आहे पोराची, मेल्यासारखा झालाय आणि मला सलाम करतोय. त्यानेही आपला हात बाहेर काढून तसाच उंच केला. नम्रता वॉकीटॉकीत डोकं घालून बसली होती. तिने मान वर केली आणि घड्याळ पाहिलं. वेळ जवळ आली, काका, ती म्हणाली, त्याच्या शेजारी घ्या, विचारू या.

अल्ताफने टेम्पो कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं.

"गरम झालंय," तो म्हणाला.

नम्रताने डॅशबोर्डकडे पाहिलं. "काका, काटा तर खालीच आहे."

"तो बिघडलाय."

 मुलगी नियमाची होती, पण दगड नव्हती. मग पाच मिनिटं थांबू, ती म्हणाली आणि काच खाली करून ढगात बघत बसली. यानची पाठ हळूहळू धूसर झाली आणि दिसेनाशी झाली. अल्ताफने डोळे मिटून घेतले. त्याने कुणाचं जन्मात इतकं भलं चिंतलं नसेल.

टेम्पो वर पोचला तेव्हा पार्किंगपाशी गर्दी पांगत होती, चुलींवर कांदाभजी तळली जात होती, ताकाची गाडगी मांडून बाया बसल्या होत्या. नम्रता धावत जाऊन विचारून आली. पोचला होता, वेळेत, अगदी काठावर. अल्ताफने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. त्याला कुणाला तरी मिठी मारावीशी वाटत होती.

तेवढ्यात यानच त्याच्यासमोर आला. अंगावर टॉवेल, पाय लटपटतायत, आणि डोळ्यांत अंगार. तो इंग्रजीत काय बोलत होता ते अल्ताफला कळेना, पण आभार मानत नव्हता एवढं कळलं. नम्रता आधी गोंधळली, मग हळू आवाजात सांगू लागली. तो म्हणतोय, मला सोडून का दिलंत? माझ्यात काही उरलं नव्हतं. मी मागे बघून बघून दमलो. शेवटी हात वर केला. आमच्यात त्याचा अर्थ एकच, मला घ्या, मी सोडलं. आणि तुम्ही उलट हात करून गाडीच थांबवलीत. त्या ढगात मी एकटा. वर आलो नसतो तर करणार काय होतो?

अल्ताफ ऐकत होता आणि ऐकत नव्हता. त्याची नजर यानच्या उजव्या हातावर होती. बोटं, मनगट, कोपर. तो हात वर जाताना त्याने आज उघड्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि तो हात त्याच्या ओळखीचा होता. बोरघाट. शिंग्रोबाच्या पुढचं वळण. मागे जीपचा आवाज. जीप आपणहून जवळ आली नव्हती. कुणीतरी तिला बोलावलं होतं. पिना काढणाऱ्या माणसाने आधी विचारलं होतं, नक्की ना रे? आणि अल्ताफने मान हलवली होती. ट्रकमध्ये बसल्यावर किती बरं वाटलं होतं, तेही आठवलं. सगळं आठवलं. जणू ते कधी विसरलंच नव्हतं, फक्त झोपेत ठेवलं होतं.

त्याचा चेहरा बघून यान वरमला. खाली बसला, कुणीतरी दिलेलं ताक प्यायला, आणि थोडा निवल्यावर नम्रताला काहीतरी म्हणाला. तो विचारतोय, नम्रता म्हणाली, काका, तुम्हीही सायकल मारायचात का? घाट चढून वर पोचला होतात का?

न्हाव्याला, सासऱ्यांना, सगळ्या पुण्याला सांगितलेलं उत्तर अल्ताफच्या ओठांवर आलं. ते त्याने गिळलं.

"नाही," तो म्हणाला. "मी हात वर केला होता."

नम्रताने ते यानला सांगितलं.  गडी हसला, दात ताकाने पांढरे, आणि म्हणाला की उद्याही एक घाट आहे, उद्या हात वर केला तर कृपा करून मला गाडीत घ्या. उद्याचं उद्या बघू, अल्ताफ म्हणाला.

घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. मेहनाज चहा घेऊन समोर बसली आणि त्याने सुरुवात केली. तिने सवयीने पुढचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण वाक्य ते नव्हतं. ढग, सोनकी, यान, त्याला म्हटलेलं चल चल, त्याचा हात. मग बोरघाट, आणि आपला हात.   चहा निवला.

"म्हणजे इतकी वर्षं," शेवटी ती म्हणाली, "झोपेत तुम्ही जिंकत नव्हतात."

"नाही."

तिने त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, रोज रात्री घ्यायची तसाच. या हाताला खाली ठेवता ठेवता तिची उमर गेली होती. तिला वाईट वाटलं, आणि कशाला खोटं बोला, थोडं हसूही आलं.

"मग आता मी काय करू ते सांगा. आज हात वर गेला तर नेहमीसारखा खाली ठेवू, की तुम्ही त्या यानला म्हणालात तसं म्हणू?"

अल्ताफने विचार केला. बाहेर रिक्षा वाजत होत्या, कुणाचा तरी टीव्ही चालू होता.

"चल म्हण," तो म्हणाला.