सरळ गुडघ्याची चाल

नववीत शाळा सुटली आणि मी धुळ्याकडचं गाव सोडून मामाच्या मागे सुरतेला आलो. मामा कतारगामला लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कारीगर. त्याच खात्यात त्याने मलाही लावून दिलं. लूमच्या दोन रांगांमध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी बोळ असते. तिथे दिवसभर फेऱ्या मारायच्या. धाग्याची तार तुटली की मशीन थांबवायचं, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचं. पळायचं नाही, हे मामाने पहिल्याच दिवशी सांगितलं. फरशीवर तेल असतं, रिकाम्या कांड्या पडलेल्या असतात, पाय सटकला तर हात मशीनमध्ये जातो. आणि हळू चालावं तर तोवर दुसऱ्या मशीनवर तार तुटलेली असते. म्हणून खात्यात सगळ्यांची चाल एकसारखी होऊन जाते. भरभर चालायचं, पण गुडघे जरा वाकलेले, म्हणजे कधीही थांबता येतं.

याच चालीने मी एका सकाळी कामावर निघालो होतो. महापालिकेच्या मैदानातून मधली वाट आहे. तिथे काही मुली कमरेतून हलत झपझप चालत होत्या. मला उशीर होत होता, म्हणून त्यांना मागे टाकून पुढे गेलो. त्यांच्या कोच मॅडमनी शिट्टी मारली. मला वाटलं, इथून जायला बंदी झाली असणार. हात जोडूनच उभा राहिलो.

"कहाँ प्रॅक्टिस करते हो?"

"नहीं करता मॅडम. नौकरी पे जाता हूँ. कल से बाहर से जाऊँगा."

मुली हसल्या. मॅडमनी मला पुन्हा एकदा चालून दाखवायला लावलं. मग म्हणाल्या, "स्पीड है. घुटना नहीं है." चालण्याचीही शर्यत असते हे मला तेव्हा कळलं. एक पाय सतत जमिनीला लागलेला हवा, आणि पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ हवा. गुडघा वाकला की पंच लाल कार्ड देतात. तीन कार्डं झाली की बाहेर. मॅडम म्हणाल्या, उद्यापासून रोज सकाळी ये, बूट मिळतील.

मैदानाच्या फाटकावर एक बोर्ड होता. त्यावर एका बाजूला सरकारची मुद्रा आणि दुसऱ्या बाजूला हजिरा रोडवरच्या एका कंपनीचं चिन्ह. मैदान आणि मॅडमचा पगार सरकारकडून, बूट आणि खुराक कंपनीकडून. ट्रायलमध्ये जे पहिले चौघे येतील त्यांना सरकारी होस्टेल. तिथे राहणं, जेवण, डॉक्टर, सगळं आलं. बाकीच्यांना मैदानावर ठेवायचं की नाही, ते तेव्हाच ठरणार.

घरी सांगितलं तर मामा जेवता जेवता थांबला. "चालाले बूट देतस? चाल तं म्हैसबी चालस."

मामी म्हणाली, "देतस तं लई ले. खुराकमा अंडा शेतस का?"

"शेतस," मी म्हणालो.

"मंग चाल," मामी म्हणाली.

गावाकडे आईला फोन केला. तिने एवढंच विचारलं, "बदलामा काय लेतस त्या?" बूट माझ्या पायात असायचे, पण ते दुसऱ्या कोणासाठी आले असतील आणि एक दिवस कोणी येऊन परत मागेल, असं मला सारखं वाटायचं. मैदानावरून निघताना पुसून पिशवीत घालायचो आणि खात्यात चपलेने जायचो.

काही महिन्यांत स्पीड वाढला. गुडघा मात्र तिथेच राहिला. मॅडम वैतागायच्या. "सुबह मैं सीधा करती हूँ, शाम तक तेरा सेठ मोड़ देता है." एकदा मी खात्यातही पाय सरळ टाकून चालून बघितलं. तेलावरून टाच सरकली. मामाने मागून कॉलर धरली म्हणून वाचलो.

शेवटी शेठकडे गेलो. मला मशीनवरून काढून घडीत घाला, म्हणजे कापडाच्या ताक्यांची घडी करायच्या कामाला लावा, असं सांगितलं. त्या कामात पैसे कमी, पण चालणं नाही.

"चलने की रेस?" शेठ म्हणाला. "तो यहाँ क्या बैठा रहता है?"

खात्यातले सगळे हसले. मीपण हसलो, दुसरं काय करणार. पण टेबलासमोरून हललो नाही. शेठने चहा संपवला. "ट्रायल तक. पास हुआ तो जा. नहीं तो वापस मशीन पे."

म्हणजे ट्रायलमध्ये मागे राहिलो तर पुन्हा ती बोळ, पुन्हा वाकलेला गुडघा, आणि सगळं संपलं. त्यानंतर रोज सकाळी बुटाची नाडी बांधताना मी एवढंच मनात धरायचो.

ट्रायल इच्छापोरला होती, कंपनीच्या आतल्या सपाट रस्त्यावर. रविवार असल्यामुळे ट्रक बंद होते. कोपऱ्याकोपऱ्यावर पंच गुडघा वाकला की दाखवायच्या पाट्या घेऊन उभे होते. सुरुवातीला मी पुढच्या घोळक्यात होतो. बारडोलीकडचा एक उंच मुलगा माझ्या बरोबरीने चालत होता. त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. पहिल्या वळणावर मला लाल कार्ड मिळालं. मशीनच्या टोकाला वळताना मी नेहमी जरा खाली बसल्यासारखा होतो, तसाच इथेही झालो. वळणावर गेलेला वेळ भरून काढायला जोर लावला आणि पुढच्या टोकाला दुसरं कार्ड.

आणखी एक पडलं असतं तर तिथेच थांबावं लागलं असतं. जोर लावला तर कदाचित चौथा आलो असतो, पण त्या जोरात माझा गुडघा वाकतो हे मला माहीत होतं. मी वेग कमी केला. टाच टेक, पाय सरळ, टाच टेक, पाय सरळ, एवढंच मनात म्हणत राहिलो. बारडोलीवाला पुढे गेला. त्याच्या मागून आणखी दोघे गेले. रस्त्याकडेला मॅडम उभ्या होत्या. त्या माझ्या गुडघ्याकडे बघत होत्या. मी शर्यत पूर्ण केली. तिसरं कार्ड मिळालं नाही, आणि चौघांतही आलो नाही.

मांडवात एका टेबलाशी सरकारी क्रीडा अधिकारी बसले होते. त्यांच्या शेजारी कंपनीच्या बाई. दोघंही मराठीच निघाले. मी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, मला अजून एक वर्ष मैदानावर ठेवा.

साहेब म्हणाले, "होस्टेलच्या जागा भरल्या. मैदानावरच्या मुलांचं कंपनी बघते."

बाई म्हणाल्या, "सरकारने यादीत घेतलं तर आम्ही आहोतच."

"कंपनी हो म्हणाली तर घेऊ की यादीत."

मी दोघांना थँक्यू म्हणून वळलो. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं की मला कोणीच हो म्हटलेलं नाही. तसाच परत गेलो.

"साहेब, तुम्ही म्हणता ताई हो म्हणाल्या तर. ताई, तुम्ही म्हणता साहेब हो म्हणाले तर. दोघं एकाच टेबलावर आहात. आधी कोणीही म्हणा. मी उभा आहे."

बाईंनी साहेबांकडे बघितलं. साहेबांना हसू आलं. त्यांनी मॅडमना बोलावून विचारलं, "इसका क्या करना है?"

"दो कार्ड के बाद सब जोर लगाते हैं, इसने घुटना सँभाला," मॅडम म्हणाल्या. "इसको रखिए. लेकिन मशीन पे गया तो मेरे काम का नहीं."

"ठीक है," साहेब म्हणाले. "मैदान हमारा."

"बूट आणि खुराक आमचा," बाई म्हणाल्या. "पण वर्षभरच हं." मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्या खुर्चीसकट मागे सरकल्या. "अहो, हे नको. चाला फक्त."

आता शेठ राहिला. सोमवारी त्याने मला बघताच विचारलं, "पास?"

"नहीं."

"तो मशीन."

"नहीं शेठ. एक साल और घडी में."

"तेरे चलने में मेरा क्या फायदा?"

"फायदा काही नाही," मी मराठीतच बोलून गेलो. मग हिंदीत म्हणालो, की घडीचं माझं काम कधी मागे पडलं असेल तर सांगा.

शेठने मामाकडे बघितलं. मामा मशीनच्या पलीकडे उभा राहून तार जोडत होता. वर न बघता म्हणाला, "उसकी मशीन मैं देख लूँगा सेठ, दूसरा आदमी आने तक."

"टेम्पो में ताके भी यही चढ़ाएगा."

"चढाऊँगा," मी म्हणालो.

ते वर्ष आता चालू आहे. दुपारी घडी, संध्याकाळी टेम्पो, सकाळी मैदान. कधी कधी अजूनही वाटतं, आज मैदानावर गेलो की कोणीतरी म्हणेल, पुरे झालं. मग मी अजून लवकर निघतो. काल वळणावर मॅडम पंचांसारखी लाल पाटी हातात घेऊन मुद्दाम गुडघ्याच्या उंचीला वाकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोरून गेलो. पाटी वर आली नाही.

"और एक चक्कर," त्या म्हणाल्या.