चार रिंगा आणि एक काटा

माझे सासरे एसटीचे ड्रायव्हर होते. तीस-बत्तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान गेले आणि निवृत्तीनंतर मूत्रपिंडांनीही हात टेकले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिससाठी रत्नागिरीला न्यावं लागायचं. नवरा बोटीवर, सात-सात महिने घरी नाही. त्यामुळे गाडी त्याची, लायसन माझं, आणि भीतीही माझीच. गॅस बंद केलाय ना हे बघायला फाटकातून दोनदा मागे फिरणारी मी बाई. त्यात नवी शिकलेली गाडी, खणून ठेवलेला हायवे आणि पुढे निवळीचा घाट.

सासरे शेजारच्या सीटवर बसायचे. कान चांगले असताना ते इंजिनाच्या आवाजावरून त्याचं पोटातलं दुखणं ओळखायचे म्हणे. आता तो मार्ग बंद झाला होता. त्यांचा सगळा भरवसा समोरच्या मीटरवर, म्हणजे मीटर वाचून सांगणाऱ्या माझ्यावर. बावनदीचा पूल ओलांडला की ते न चुकता विचारायचे, "काटा?" इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा. मी ओरडून सांगायचे, "मध्यावर!" मग ते मान हलवायचे आणि आम्ही घाट चढायचो.

नवऱ्याने कुठल्याशा बंदरातून त्या रिंगा घेतल्या आणि सुट्टीवर येणाऱ्या एका सोबत्याबरोबर पाठवल्या. स्पीड, आरपीएम, पेट्रोल आणि टेंपरेचर अशा चार मीटरांभोवती बसवायच्या चकचकीत रिंगा. फोनवर त्याने बजावलं होतं, "गॅरेजमध्ये देऊन बसवून घे. तू हात लावू नकोस." ते वाक्य मला लागलं. आठवड्यातून दोनदा त्याच्या वडिलांना मी सुखरूप नेते-आणते आणि मला चार रिंगा बसवता येणार नाहीत? शिवाय शिमग्याचे दिवस होते. गॅरेजवाला गावच्या पालखीत होता, तो सात-आठ दिवस काही परत येत नव्हता.

रविवारी दुपारी मी मोबाईलवर एक व्हिडिओ लावला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. पुढची पट्टी निघाली, मीटरचा डबा बाहेर आला. त्याच्यावरची पारदर्शक काच काढताना एक खिट्टी कट्कन मोडली. पण मोडली ती मागच्या बाजूला, दिसणार नव्हती. रिंगांच्या मागची चिकटपट्टी खाऱ्या हवेत की प्रवासात कोण जाणे, पार वाळून गेली होती. रिंग लावावी आणि ती पडावी. तेव्हा मला सुचला फणसाचा चीक. माहेरी फुटक्या बादलीपासून तडकलेल्या मडक्यापर्यंत सगळं आम्ही चिकाने सांधत आलो. परसात कोवळे फणस लटकत होतेच. एकाला चीर दिली, काडीवर चीक गुंडाळला, जरा गरम केला आणि रिंगांच्या मागे लावला. अशा बसल्या की काय सांगू. संध्याकाळपर्यंत मी तीनदा गाडीत जाऊन त्या बघून आले.

मंगळवारी हॉस्पिटलबाहेर गाडी चार तास उन्हात उभी होती. परतीच्या वाटेवरही ऊन थेट डॅशबोर्डवर येत होतं. घरी येऊन चावी काढली. बाकीचे काटे खाली आले, टेंपरेचरचा काटा मात्र मध्यावरच उभा राहिला. वाकून बघितलं तर चीक पातळ होऊन रिंगेवरून ओघळला होता आणि त्याचा तपकिरी धागा काट्याला बिलगला होता.

त्या क्षणी मी सासऱ्यांना सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ते नवऱ्याला कळणार, मग गाडी माझ्याकडून जाणार, असं मला वाटलं. पुन्हा डबा उघडायचीही छाती होत नव्हती, कारण आता दुसरी खिट्टी मोडली तर मीटर हातात येईल. मी स्वतःची समजूत घातली की इतके महिने काटा मध्यावरच असतो, तर नसला हलत तरी बिघडलं काय. गुरुवारी गाडीखाली ओलं दिसलं, तेही मी एसीचं पाणी म्हणून सोडून दिलं. रात्री मात्र झोप नव्हती.

शुक्रवारी मशीन साडेदहाला मिळायचं होतं. डायलिसिसची वेळ चुकली की सासऱ्यांचे पाय सुजायचे, दम लागायचा. एकदा चुकली होती तेव्हा ते सबंध रात्र खुर्चीत बसून होते आणि मी त्यांच्यासमोर जमिनीवर. शिमग्यामुळे रिक्षावालेही पालखीमागे, त्यामुळे दुसरा उपायच नव्हता. मी गाडी काढली. बावनदीचा पूल आला, गेला. सासऱ्यांनी काही विचारलं नाही. मला सुटल्यासारखं झालं. खोटं बोलायची पाळी टळली होती. त्यांनी चपला काढून अनवाणी पाय पुढे टेकवले होते, म्हटलं आखडले असतील.

घाटात समोर खडीचा डंपर. दुसऱ्या गिअरच्या वर जाताच येईना. माझी नजर रस्त्यावर कमी आणि त्या काट्यावर जास्त. मध्यावर. वळण घेतलं, मध्यावर. कसलातरी गोडूस, जळका वास आला. तो डंपरचाच असणार असं मी ठरवून टाकलं. हाताला घाम सुटून स्टिअरिंग निसटायला लागलं होतं. काटा इतका शांत होता की त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

दोन वळणं झाली आणि सासऱ्यांनी हात वर केला. "बाजूला घे गो. आत्ता. आणि बंद कर."

मी गाडी कडेला घेतली, चावी फिरवली. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मी दार उघडून धावणार तोच त्यांनी माझा दंड धरला.

"रेडिएटरच्या झाकणाला हात लावशील तर तोंड भाजून घेशील. बस."

आम्ही बसून राहिलो. घड्याळात पावणेदहा. मला रडू फुटलं आणि रडत रडत मी सगळं सांगून टाकलं. रिंगा, चीक, मोडलेली खिट्टी, मंगळवारपासून अडकलेला काटा. त्यांना ऐकू जावं म्हणून ते सगळं मला ओरडून सांगावं लागलं. आपला गुन्हा घाटात बसून ओरडून सांगण्यासारखी दुसरी फजिती नाही.

ते म्हणाले, "मला ठाऊक हाय. मंगळवारी चावी काढलीस तेव्हाच बघितला मी."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी कानामागे हात नेला. मी पुन्हा विचारलं, मोठ्याने.

"बोललो असतो तर तू आज गाडी काढलीच नसतीस." त्यांनी पायांकडे बघितलं. "म्हटलं, पायांनी बघीन. इंजिनाकडचा पत्रा तापला की कळतं. पण आता कातडी पण बधिर झाली गो. उशीर झाला कळायला." मग म्हणाले, "मला पण भीती वाटते. तुझ्या गाडीची नाय. शुक्रवार चुकायची."

जरा खाली एक घर होतं. तिथल्या बाईने कळशीभर पाणी दिलं. इंजिन निवल्यावर सासऱ्यांनी ओलं फडकं टाकून झाकण सैल केलं आणि पाणी ओतलं. आजारापायी दिवसाला मोजून पाणी पिणारा तो माणूस कळशी संपेपर्यंत त्या धारेकडे बघत होता. एक रबरी नळी चिरली होती, तिच्यावर त्यांनी फडक्याची पट्टी करकचून बांधली. मग आम्ही दर दोन वळणांनी थांबत गेलो. पोचायला अर्धा तास उशीर झाला. सिस्टरने चार शब्द सुनावले, पण मशीन दिलं.

एरवी मी बाहेर बाकावर बसते. त्या दिवशी आत त्यांच्याजवळ बसले. मशीनवर हिरवे आकडे होते, सगळे ठीक असल्यासारखे. मी ते बघत राहिले आणि मला एकाचाही भरवसा वाटेना. शेवटी चादरीबाहेर आलेल्या त्यांच्या पावलाला हात लावला. कोमट होतं.

त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "काटा?"

"माहीत नाही, बाबा," मी म्हणाले. पण हळू, त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. आणि मशीन थांबेपर्यंत पावलावरचा हात काढला नाही.