माइकवर दिलेला शब्द

बावीस वर्षं मी एका वाक्यावर जळत होते. "मी कवा म्हणलो?"

वाक्य माझ्या सासऱ्यांचं. आम्ही त्यांना मामा म्हणतो. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला माणूस, विट्याजवळच्या आमच्या गावात नुसता खाकरला तरी लोक उठून उभे राहायचे. मी रहिमतपूरची. लग्न ठरलं तेव्हा माझं डी.एड.चं एक वर्ष राहिलं होतं आणि ते झाल्याशिवाय मी कुणाचं ऐकणार नव्हते. शेवटी वडिलांनीच तोड काढली. सासरे मांडवात माइकवरून, सगळ्यांसमोर कबूल झाले तर चालेल का? मी चालेल म्हटलं. अक्षता पडायच्या आधी मामांनी माइक घेतला आणि कबूल केलं.

महिन्याभरात नवरा केरळातल्या आपल्या दुकानात सोनं गाळायला परत गेला आणि मी दोन म्हशींच्या मागे लागले. जूनमध्ये कॉलेजचा विषय काढला तर मामा पेपरातून मान वर न करता म्हणाले, मी कवा म्हणलो? सासूला आठवेना, दिरांना आठवेना. माहेरी जाऊन वडिलांपुढं रडले, तर तेही म्हणाले की माइकवर माणसं काय काय बोलतात, आता संसाराकडं बघ. मुलीचा बाप, बिचारा काय बोलणार, असं मला वाटलं. त्यांचा मला राग आला नाही. सगळा राग मी मामांसाठी राखून ठेवला.

लग्नाची कॅसेट सासूच्या कपाटात साड्यांखाली होती. यंदा मामांची पंच्याहत्तरी करायची ठरली, तेव्हा सांगलीला कॉम्प्युटर शिकणाऱ्या माझ्या लेकीनं फोटोंची फिल्म बनवायला म्हणून ती कॅसेट स्टुडिओतून लॅपटॉपवर घालून आणली. पाच तासांचं चित्रण. तेवढं कोण बघत बसणार? लेक म्हणाली, बघायचंच कशाला, हे सॉफ्टवेअर सगळं बोलणं ऐकून लिहून काढतं. आपण शब्द टाकायचा, तो कितव्या मिनिटाला बोललाय ते दाखवतं.

ती अंघोळीला गेली तेव्हा मी लॅपटॉप पुढ्यात ओढला. "शिक्षण" टाकलं तर कुठल्याशा पुढाऱ्याचं लांबलचक भाषण निघालं. मग "डी.एड." टाकलं. दोन जागा आल्या. पहिली उघडली आणि मामांचा बावीस वर्षांपूर्वीचा आवाज ऐकू आला. दुसरी उघडायचं भानच राहिलं नाही. त्या दिवशी भाजी चिरताना मी तेच वीसदा तरी ऐकलं असेल.

फिल्मच्या शेवटी हा तुकडा जोड, असं लेकीला सांगितलं. ती नको नको म्हणत होती. मी तुला विचारलेलं नाही, म्हटलं.

पंच्याहत्तरीला सगळं गाव आलं होतं. जो उठेल तो मामांना शब्दाचा पक्का म्हणत होता. मी पुढच्याच रांगेत बसून मनात म्हणत होते, बोला, अजून बोला. मग पडद्यावर फिल्म सुरू झाली. वर्दीतले फोटो झाले, नातवंडं झाली आणि काळ्या मिशांचे मामा माइक धरून उभे राहिले.

"आमी सून न्हाई, लेक नेतूय. तिचं डी.एड.चं ऱ्हायलेलं वरीस आमी पुरं करनार. फौजीचा शब्द हाय."

मी पडद्याकडं बघितलंच नाही, मामांच्या तोंडाकडं बघत होते. ते उतरलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

पाहुणे जेवून गेल्यावर कट्ट्यावर बसून मामांनी पाणी मागितलं. तांब्या घेताना म्हणाले, "एवढं हुडकलंस, तर जेवनावळीतलं बी ऐकलं असशील."

मी ऐकलेलं नव्हतं. आत जाऊन दुसरी जागा उघडली. पंगत बसली होती. चित्रण करणारा जिलेबीवर कॅमेरा धरून उभा होता आणि मागून माझ्या वडिलांचा आवाज येत होता, हसरा, मोकळा झालेला.

"बरं झालं पावनं, डी.एड.चं तेवढं बोललासा. पोरगी हटून बसलीवती. आता ते मनावर घिऊ नगा. फकस्त मी सांगितलं म्हनून तिला कळू देऊ नगा."

"न्हाई कळनार," मामा म्हणाले. "शब्द दिला."

म्हणजे मामांनी त्या दिवशी दोन शब्द दिले होते. एक मला, सगळ्या मांडवासमोर. एक माझ्या बापाला, जिलेबी खाताना. त्यातला पुरुषाला दिलेला बावीस वर्षं पाळला. मामांची मला कीव येईल असं क्षणभर वाटलं, पण आली नाही. माझा राग तिथंच राहिला, फक्त आता तो एकट्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेवढा तुकडा मोबाईलवर घेऊन मी रहिमतपूरला गेले. वडील जाऊन सहा वर्षं झाली. सोप्यात त्यांचा फोटो आहे, आई त्याला रोज हार घालते. मी फोटोखाली मोबाईल ठेवला आणि ते बोलणं लावलं. आई आतून पदराला हात पुसत आली. दोन वाक्यांतच तिनं आवाज ओळखला.

"बारीक कर," ती म्हणाली. "भाईर बायका बसल्यात."

मी आवाज पूर्ण वाढवला, पुन्हा पहिल्यापासून लावला आणि जाऊन दार उघडलं.